बायोडेटा टाइप करायला येण्यापूर्वी

मित्राच्या बायोडेटाचा पेनड्राइव्ह पुढे करून "फक्त नाव आणि मोबाइल नंबर बदला" म्हणणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. बदलून द्यायला आमची ना नाही, पाच मिनिटांचं काम आहे. पण त्या कागदात तुमचं काम कुठेच नसतं, आणि चाकणचा सुपरवायझर असो की हिंजवडीची एचआर, बघायचं असतं ते तेवढंच.

म्हणून येताना वहीच्या पानावर, मराठीतच, लिहून आणा : कामावर गेल्यापासून सुटेपर्यंत तुम्ही नेमकं काय करता? इंग्रजी आम्ही बघू. तुम्ही काय करता हे आम्हाला कुठून कळणार?

'सीएनसी ऑपरेटर, ३ वर्षं अनुभव' एवढंच लिहिलेले बायोडेटा भोसरी एमआयडीसीत ढिगाने पडलेले असतात. मशिन टर्निंगचं की व्हीएमसी (मिलिंगचं), कंट्रोल फॅनुकचा की सीमेन्सचा, सेटिंग स्वतः करता की फक्त जॉब लावता-काढता, ऑफसेट देता येतो का, ड्रॉइंग वाचता येतं का, मायक्रोमीटर आणि बोअर गेज हाताळलाय का, हे सगळं आलं पाहिजे. सेटिंग येत नसेल तर येतं म्हणून ठोकून देऊ नका. ट्रायलला मशिनसमोर उभं केलं की लगेच उघडं पडतं.

अकाउंटवाल्यांचंही तेच. 'टॅली येतं' कोण लिहीत नाही? नुसती व्हाउचर एंट्री करता की बँक रिकन्सिलिएशनही? ११ तारखेचा जीएसटीआर-१ आणि २० तारखेचा ३बी ही जीएसटीची रिटर्न्स स्वतः भरता, की डेटा काढून सीएकडे पाठवता? दोन्ही कामांना मागणी आहे, पगार मात्र सारखा नाही.

नवख्यांनी एका पानात आटपावं. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप केली असेल तर ती सगळ्यात वर घ्या. दिवाळीत नातेवाइकांच्या दुकानाचा गल्ला सांभाळला असेल तर तेही सांगा, सेल्सच्या नोकरीला ते 'हार्डवर्किंग'पेक्षा जास्त उपयोगी पडतं.

धर्म, जात, उंची, वडिलांची नोकरी हे लग्नाच्या बायोडेटात शोभतं. (तोही आम्ही करतो, त्याचं पत्रक वेगळं आहे.) आधार आणि पॅनचे नंबर नोकरी ठरल्यावर द्यायचे, हा कागद कुणाकुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. 'हॉबीज : रीडिंग, म्युझिक' आम्ही न विचारता काढतो.

मधली वर्षं रिकामी असतील तर तारखा ओढून-ताणून जुळवू नका. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) नव्या कंपनीला द्यावाच लागतो आणि जुन्या नोकऱ्यांत लागल्या-सोडल्याच्या तारखा त्या खात्यात असतात. एमपीएससीची तयारी करत होतात? तसं लिहा. पुण्यात तरी त्यात लपवण्यासारखं काही नाही. विद्यापीठाचं नाव प्रमाणपत्रावर असेल तसंच टाका. पुणे विद्यापीठाचा 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' असा नामविस्तार २०१४ साली झाला, त्याआधीच्या पदव्यांवर नुसतं 'पुणे विद्यापीठ' असतं.

रंगीत पट्ट्या आणि दोन कॉलमचं डिझाइन मागाल तर करून देऊ, पण आमचं मत विचाराल तर नको. मोठ्या कंपन्यांत बायोडेटा बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याला असल्या चौकटी नीट वाचता येत नाहीत. घरी तपासायचं असेल तर पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. ओळी उलटसुलट आल्या किंवा काहीच कॉपी झालं नाही, तर तिथेही तीच गत होणार. मराठी अर्ज आम्ही युनिकोडमध्येच टाइप करतो. जुन्या श्रीलिपीतली वर्डची फाइल समोरच्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसते.

व्हॉट्सॲपवर बायोडेटा पाठवताना फोटो काढून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलला 'न्यू फायनल २' ऐवजी स्वतःचं नाव आणि पद द्या. ई-मेल आयडी कॉलेजातल्या टोपणनावाचा असेल तर इथेच नवा काढू. ओटीपी येतो, मोबाइल चार्ज करून आणा.

प्रूफ इथेच बसून, शांतपणे वाचायचं. मोबाइल नंबर आकडा-आकडा तपासा. प्रूफवर तुमची सही झाल्यानंतरच्या दुरुस्तीचे पैसे वेगळे पडतील.