मिरीच्या वाटेने आलेली मिरची

विदर्भातल्या भिवापूर आणि पवनीच्या परिसरात तोडणीचा हंगाम आला की सातऱ्यांवर, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याच्या जागांवर, लाल मिरचीचे ढीग पडतात आणि देठ खुडणाऱ्या बायांना काही महिने हाताला काम मिळते. तिखटावाचून ज्या भागातली भाजी शिजत नाही, त्या भागाला, किंबहुना साऱ्या भारताला, सोळाव्या शतकापूर्वी ही मिरची ठाऊक नव्हती, यावर आज चटकन विश्वास बसत नाही. तिचे मूळ मध्य व दक्षिण अमेरिकेत असून पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तिचे नावसुद्धा तिच्याआधी येथे नांदत असलेल्या मिरीचे, म्हणजे संस्कृतातील ‘मरिचा’चे आहे. त्यामुळे मिरचीचा इतिहास सांगायचा तर आधी मिरीचा सांगावा लागतो.

मिरीचा वेल मलबारच्या दमट डोंगरउतारांवर वाढे आणि तिला गिऱ्हाईक मात्र हजारो कोसांवर असे. वाळवलेला दाणा वर्षानुवर्षे टिकतो आणि थोड्या वजनात मोठी किंमत देतो, म्हणून लांबच्या सागरी प्रवासाला तो सोयीचा ठरला. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या प्राचीन बंदरातील मंदिरात सुमारे साडेसात किलो मिरी असलेला भारतीय बनावटीचा रांजण उत्खननात सापडला आहे. भारताच्या व्यापारापायी साम्राज्याचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, अशी तक्रार पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने नोंदवली. या व्यापाराची जहाजे मोसमी वाऱ्यावर येत आणि वारा उलटेपर्यंत व्यापाऱ्यांना काही महिने किनाऱ्यावरच थांबावे लागे. माझ्या मते बंदरांची शहरे होण्यामागे या थांबण्याचा वाटा फार मोठा आहे. मुक्काम लांबला की वखारी, सराफ, दुभाषे आणि प्रार्थनास्थळे यांची गरज पडते, आणि मुझिरिस, कालिकत, कोची या गावांना बहुरंगी वस्तीचे रूप त्यातूनच आले. देशावरचा मालही याच सागरी व्यापारात मिसळत होता. पैठण आणि तेर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचच्या बंदरात जात असल्याचे त्याच शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे.

पुढे मिरी अरब व्यापाऱ्यांच्या हातून व्हेनिसला पोहोचू लागली. ही साखळी टाळण्यासाठी १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ ताब्यात घेतले आणि त्यांचा परवाना नसलेले जहाज पकडण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. समुद्र सर्वांचा होता, तो आता जकातनाक्यासारखा झाला. डचांनी १६०२ मध्ये मसाल्याच्या व्यापारासाठी स्थापन केलेल्या कंपनीचे समभाग सामान्य लोकांना विकले आणि आम्स्टरडॅममध्ये त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. आजच्या शेअर बाजाराची मुळे अशी मसाल्यापर्यंत जातात. जायफळ त्या काळी केवळ आजच्या इंडोनेशियातील बांदा बेटांवर पिकत असे आणि त्याचा मक्ता मिळवण्यासाठी १६२१ मध्ये डचांनी तेथील बहुसंख्य रहिवाशांना ठार केले, गुलाम केले किंवा हुसकावून लावले. जायफळाच्या भावाचा हिशेब मांडताना ही माणसे विसरता येत नाहीत.

मसाल्याच्या बेटांवरून डचांनी मागे रेटल्यावर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय कापडावर भर दिला. १६६८ मध्ये मुंबई तिच्या हाती आली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर विदर्भाचा कापूस त्याच बंदराच्या वाटेला लागला.

या सगळ्या धामधुमीत मिरची मात्र कोणाच्या मक्त्यात सापडली नाही. मिरीला मलबार हवा, जायफळाला बांदा हवे. मिरचीला परसातला वाफाही पुरतो. तिचे बी कोणालाही वाळवून ठेवता येते, त्यामुळे तिच्यासाठी ना आरमार उभे राहिले, ना किल्ले, आणि महागडी मिरी ज्या घरांना परवडत नव्हती त्यांच्या पाट्यावर ती वाटली जाऊ लागली. समुद्रापासून शेकडो कोस दूर, वैनगंगेच्या खोऱ्यातील जमिनीत ती इतकी रुजली की भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि अमेरिकेतून आलेल्या या पिकाला कायद्याच्या कागदावर विदर्भातल्या एका गावाचे नाव लागले आहे.