शुगो : तीन कामांचा फौजदार
जपानचे डाइम्यो, म्हणजे प्रांतांचे सरंजामदार, सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यांच्या आधीचा प्रांताधिकारी, शुगो, मागे राहतो. ११८५ मध्ये ताइरा घराण्याचा पाडाव झाल्यावर त्यांच्या प्रतिस्पर्धी घराण्याच्या मिनामोतो योरितोमोने क्योतोच्या दरबाराकडून प्रांतोप्रांती शुगो नेमण्याची परवानगी काढली. निमित्त होते फरारी भाऊ योशित्सुनेच्या शोधाचे.

सुरुवातीचा शुगो म्हणजे निव्वळ फौजदार. १२३२ च्या ५१ कलमी 'गोसेइबाई शिकिमोकु' या कायद्याने त्याची कामे बांधून दिली : शोगुनच्या (लष्करी सत्ताधीशाच्या) सामुराईंना क्योतोच्या पहाऱ्यावर धाडणे, बंडखोर पकडणे, खुनी पकडणे. जमिनीच्या साऱ्याला हात लावायचा नाही. काही जहागिरींच्या शिवेच्या आत तर त्याच्या माणसांना पाऊल टाकायचीही मुभा नव्हती.

ही चौकट मोडली ती चौदाव्या शतकातल्या दोन दरबारांच्या लढाईत, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी सम्राटांच्या झगड्यात. जमिनीचा तंटा असला की एक पक्ष रानात शिरून दुसऱ्याचे उभे भात कापून नेई. १३४६ मध्ये हा गुन्हा शुगोच्या अखत्यारीत आला, निवाड्याची अंमलबजावणीही त्याच्याकडे आली आणि प्रत्येक तंट्यात शिरायला त्याला वाट मिळाली. १३५२ चा 'हान्झेइ' (निम्म्या साऱ्याचा) हुकूम त्याहून जड. ओमी, मिनो आणि ओवारी या प्रांतांतल्या जहागिरींचा निम्मा सारा फौजेच्या रसदेसाठी, तोही एकाच वर्षापुरता. अशी सवलत एकदा हाती आली की कोण परत करतो? उरलेल्या निम्म्याचा शुगोच मक्ता घेऊ लागले. मालक दूर क्योतोत, ठरलेली रक्कम थकली तरी तो करणार काय!

यामाना या शुगो घराण्याकडे तर ६६ पैकी ११ प्रांत जमले होते. शोगुन योशिमित्सुने त्यांच्या भाऊबंदकीला हवा दिली, १३९१ चे बंड मोडले आणि त्यांच्या हाती तीन प्रांत ठेवले.

पण शुगोंना खरे बुडवले ते राजधानीतल्या मुक्कामाने. बहुतेकांना क्योतोत राहावे लागे; प्रांत पाही 'शुगोदाइ', म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुतालिक. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात धनी राजधानीत झुंजत राहिले आणि प्रांत चाकरांच्या घशात गेले. शिबा या शुगो घराण्याचा एचिझेन प्रांत असाकुरांनी घेतला, ओवारी ओदा मुतालिकांनी. शिमाझु, ताकेदा, इमागावा अशी मोजकीच शुगो घराणी टिकली.

त्यातल्या इमागावा योशिमोतोने १५५३ मध्ये आपल्या कायद्यात लिहून टाकले की प्रांताची शांतता आता आमच्या स्वतःच्या बळावर आहे, तेव्हा शुगोला शिवेच्या आत मज्जाव करणारी जहागिरींची जुनी सवलत चालणार नाही. सात वर्षांनी ओकेहाझामाच्या लढाईत त्याचे डोके उडवले ते ओदा नोबुनागाच्या माणसांनी. नोबुनागाची शाखा ओवारीच्या मुतालिकाच्याही चाकरीतली.