दोन संक्रांती कशा झाल्या? पंचांगाच्या वादाची पार्श्वभूमी

मकरसंक्रांत काही घरांत १० जानेवारीला होते, शेजाऱ्यांकडे चार दिवसांनी. ‘ते टिळक पंचांगवाले’ एवढ्यावर विषय मिटतो. वाद एकोणिसाव्या शतकातला असला तरी त्याची गोम जुनी आहे.

मध्ययुगात भविष्य सांगणे ही दोन कामे होती आणि बहुधा एकाच माणसाकडे असत. अमुक दिवशी ग्रह कुठे असेल हे गणिताने काढायचे आणि त्यावरून लग्न, पेरणी, स्वारी यांचे फळ सांगायचे. पहिले चुकले की आकाशात उघड दिसे. दुसरे चुकले तर बोल लावायला मुहूर्त होता, नशीब होते. पहिल्या कामाला राजाश्रय तर होताच, पण बाजारही हातभार लावी. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्याला दान मिळाले. शिलालेखाचा मराठी भाग वाचला की त्यात गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, आणि घाण्यामागे पळीभर तेल असा हिशेब आढळतो.

खरी कलाटणी कोकणात, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात मिळाली. तिथल्या एका ज्योतिष्याने १४९६ मध्ये ग्रहगणिताचा ग्रंथ केला, आणि त्यावरच्या स्वतःच्या टीकेत, म्हणजे भाष्यात, लिहून ठेवले की पुढे यातही बरेच अंतर पडेल. तेव्हाच्या गणकांनी ग्रहांच्या युती आणि उदयास्त पाहून आकडे कमीजास्त करावेत. आपले गणित बिघडणार हे आधीच सांगणारा ज्योतिषी! त्याच्या मुलाने १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त हेच धोरण चालवले. आकाशाशी जो जुळला तो आकडा घेतला, मग तो सूर्यपक्षाचा असो की आर्यपक्षाचा, म्हणजे गणिताच्या कोणत्याही जुन्या परंपरेचा. कलियुगारंभापासून दिवस मोजायचे तर अहर्गण, म्हणजे दिवसांची संख्या, सोळा लाखांवर जातो. त्याने ४०१६ दिवसांचे, म्हणजे ११ वर्षांचे चक्र धरले. ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकटही काढून टाकली. त्यामुळे पुढची साडेतीनशे वर्षे गावोगावची पंचांगे या पोथीवरून निघाली. बापाची सूचना मात्र पोथीत राहिली.

अडचण अयनांशाची. वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होताना सूर्य असतो तो बिंदू, ताऱ्यांतून हळूहळू सरकतो; राशीचक्राच्या आरंभापासून त्याचे अंतर म्हणजे अयनांश. ग्रहलाघवाचा नियम सुटसुटीत आहे. शकातून ४४४ वजा करा, उरतील तितक्या कला, म्हणजे ६० ने भागले की अंश. शके १४४२ ला ९९८ कला, म्हणजे १६ अंश ३८ कला. वर्षाला ६० विकला (म्हणजे एक कला) ही गती प्रत्यक्षातल्या सुमारे ५० विकलांपेक्षा जास्त दिसते. पण ज्या वर्षमानावर, म्हणजे वर्षाच्या लांबीवर, पंचांगे चालत तेही खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा (सूर्य त्याच ताऱ्याशी परत येण्याच्या काळापेक्षा) साडेआठ पळांनी मोठे होते; पळ म्हणजे २४ सेकंद. त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी सांभाळून घेत.

१८६५ च्या सुमारास पुण्याच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने इंग्रजी नाविक पंचांगावरून नवे पंचांग सुरू केले. ग्रहणांच्या वेळा जुळू लागल्या. इथवर सारे नांदगावच्या सूचनेप्रमाणेच. पण वर्षमान शुद्ध केल्यावर राशीचक्र कुठून सुरू करायचे, हा प्रश्न आला. ग्रंथांत रेवतीचा तारा सांगितलेला, म्हणून मीन राशीतला एक मंद तारा धरण्यात आला; टिळक पंचांग याच पक्षाचे. त्याने अयनांश ग्रहलाघवापेक्षा चार अंशांहून जास्त कमी झाले, आणि संक्रांती, म्हणजे सूर्याचे राशीप्रवेश, तेवढ्या अलीकडे आल्या. विरुद्ध बाजूच्या चित्रापक्षाचे म्हणणे असे की चित्रेचा ठळक तारा १८० अंशांवर धरला तर रूढ अयनांशांशी फरक अर्ध्या अंशाच्या आत राहतो, लोकांचे सण हलत नाहीत. मुंबईत १९०४, पुण्यात १९१७, सांगलीत १९२० अशा परिषदा झाल्या, ठराव झाले, वर्तमानपत्रांतून भरपूर शाई खर्ची पडली. सण नुसते चार दिवस सरकले असते तर कदाचित निभावले असते, पण ज्या चांद्र महिन्यात संक्रांत येत नाही तो अधिक, त्यामुळे संक्रांत सरकली की कधीकधी अधिक महिनाच बदलतो, आणि मग एका घरचे गणपती दुसऱ्याच्या महिनाभर आधी येतात. दोन्ही पक्ष वेधाची, म्हणजे आकाशनिरीक्षणाची, भाषा बोलत होते. पण ग्रह चुकला हे आकाश सांगते, शून्य कुठे धरायचे हे सांगत नाही. ते आपसांत ठरवायचे असते, आणि तिथे मला चित्रापक्ष व्यवहारी वाटतो.

१९५२ मध्ये नेमलेल्या सरकारी समितीने १९५५ च्या अहवालात चित्रेच्याच जवळ जाणारे अयनांश घेतले: २१ मार्च १९५६ ला २३ अंश १५ कला. २२ मार्च १९५७ पासून आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका मात्र सायन, म्हणजे थेट वसंतसंपातापासून मोजलेली आहे, त्यामुळे या भांडणाच्या बाहेरच.

ज्योतिषाच्या दुसऱ्या कामासाठी, म्हणजे फळ सांगण्यासाठी, एवढी झीज कुणी सोसली नाही. सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त मेघाचा गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस सांगितला आहे, निदान पडताळता येईल असे विधान तरी आहे. आजच्या पंचांगात सूर्याचे नक्षत्र लागताना त्यापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागतात. बाकी ३ उरली की वाहन बेडूक, ७ उरली की म्हैस, शून्य उरले तर हत्ती, आणि तिन्हींना चांगला पाऊस. यावर एकही परिषद भरल्याचे ऐकिवात नाही.