बुलेट: ठोका तोच, गाडी ज्याची त्याची

मद्रासजवळ तिरुवोट्टियुरला १९५५ नंतर रॉयल एन्फिल्डची बुलेट जोडली जाऊ लागली, तेव्हा तिला कोणी ‘रेट्रो’ म्हटलं नसतं. १९४९ च्या मूळ इंग्लिश मॉडेललाच मागे स्विंग आर्म (मागचं चाक वरखाली होऊ देणारा दांडा) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर होते. त्या काळी ही नवलाई होती. सरहद्दीवरच्या गस्तीसाठी लष्कराला ही गाडी पसंत पडली आणि त्यातूनच कारखाना इथे आला. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडमधल्या रेडिचहून यायचे, मग सगळं इथेच बनू लागलं. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला. मद्रासचा चालूच राहिला.

परवाना राजमध्ये स्पर्धा बेताचीच, त्यामुळे ३४६ सीसीचं ते इंजिन बदलायची कोणाला घाई नव्हती. ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), जड फ्लायव्हील (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं चाक), बिडाचा सिलिंडर, गिअरबॉक्स वेगळा. स्ट्रोक लांब आणि फ्लायव्हील जड असल्यामुळे इंजिन सावकाश फिरतं आणि उभ्या गाडीचा एकेक ठोका मोजता येतो. पण माझ्या मते बुलेटच्या वेडाचं खरं मूळ ठोक्यापेक्षा या न बदलण्यात आहे. एका दशकातले कितीतरी भाग दुसऱ्या दशकातल्या गाडीला बसायचे. एक सिलिंडर, एक कार्बोरेटर, दोन टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग). थंड इंजिनावर पुशरॉड (टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारी दांडी) बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, एवढं कळलं की टॅपेट सेट करता येतात. किक मारण्याचीही रीत होती: अँपिअरचा (विजेचा प्रवाह दाखवणारा) काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मगच किक. चुकलात तर किक उलटून पायावर यायची. मालकाला इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते माहीत असावंच लागे, आणि ज्याला ते माहीत आहे त्याचा हात गाडीत बदल करायला कचरत नाही.

हे बदल आधी गरजेपोटी झाले. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या अर्ध्या भागाला मागे हौदा जोडून, डिझेल इंजिन बसवून ‘छकडा’ तयार झाला; माणसं, शेतमाल, सगळं त्यातून जायचं. कंपनीनेही पुढे डिझेलवरची ‘टॉरस’ काढली. हौसेचे बॉबर (मडगार्ड वगैरे छाटून हलक्या केलेल्या गाड्या), स्प्रिंगची सिंगल सीट, वाकडी हँडल हे सगळं नंतरचं. छकडा जोडणाऱ्या त्या कारागिरांना मॉडिफिकेशनच्या इतिहासात मानाचं पान मिळायलाच हवं.

२००८ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं नवं इंजिन आलं, २००९ मध्ये ‘क्लासिक’, आणि जुनं रूप आता मुद्दाम घडवलं जाऊ लागलं. बदलांवर कायद्याची मर्यादाही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातल्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. फटाके फोडणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात, ते मला रास्त वाटतं. तो आवाज बुलेटचा नाहीच.

२०२० मध्ये पुन्हा नवं इंजिन आलं, ३४९ सीसीचं. त्यात थरथर कमी करायला बॅलन्सर शाफ्ट घातला. स्ट्रोक मात्र ८५.८ मिमी, बोअरपेक्षा लांबच ठेवला.