सेन्सरची किल्ली सेन्सरपर्यंत पोचते कशी?

सेन्सर बसवायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो: “डेटा एन्क्रिप्टेड आहे ना? मग झालं तर!” आहे, एईएस-१२८ या एन्क्रिप्शन पद्धतीने आहे. पण नुसतं कुलूप भक्कम असून भागत नाही. १६ बाइटची ती किल्ली (डेटा बंद करणारा आणि उघडणारा गुप्त आकडा) शेकडो सेन्सरांत कोणी, केव्हा आणि कशी घातली, खरी मेख तिथे आहे.

सगळ्यांना एकच किल्ली देणं सर्वात सोपं. पण सेन्सर टाकीवर, खांबावर, उघड्यावर असतो. चार स्क्रू काढले की बोर्ड हातात. डीबग पोर्ट (बोर्ड तपासण्यासाठीची जोडणी) बंद केलेला नसेल तर मेमरी वाचायला फार वेळ लागत नाही. एक सेन्सर गेला की अख्खं नेटवर्क गेलं.

दुसरं टोक म्हणजे प्रत्येक जोडीला वेगळी किल्ली. १००० सेन्सरांना ४,९९,५०० किल्ल्या लागतात आणि एकेकाच्या पोटात ९९९, म्हणजे जवळपास १६ केबी. एशेनाउअर आणि ग्लिगोर या संशोधकांनी २००२ साली मधला तोडगा मांडला: मोठ्या साठ्यातून प्रत्येकाला काही किल्ल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटायच्या. १०,००० पैकी ८३ दिल्या तरी कुठल्याही दोघांत एखादी सामाईक निघण्याची शक्यता निम्मी! गणित देखणं आहे, पण गेटवे (सगळ्या सेन्सरांना जोडणारं मधलं यंत्र) असलेल्या नेटवर्कला एवढा खटाटोप लागत नाही असं आमचं मत.

आमच्या प्रत्येक झिगबी (कमी विजेवर चालणारं बिनतारी तंत्र) सेन्सरच्या खोक्यात कोडचं स्टिकर असतं. त्या कोडमधून फक्त त्याच सेन्सरची खास किल्ली तयार होते. कोड आधी गेटवेत भरायचा, मग गेटवे नेटवर्कची सामाईक किल्ली त्या खास किल्लीत बंद करून पाठवतो. जगाला ठाऊक असलेल्या ठरावीक किल्लीनेही सेन्सर जोडता येतो. पण त्या वेळी कोणी जवळ रेडिओ लावून बसला असेल तर त्याला सामाईक किल्ली आयती मिळते. ती सोय आम्ही बंदच ठेवतो. आणि स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. (हसू नका, असं होतं.)

सेन्सर चोरीला गेला तर सामाईक किल्ली बदलावीच लागते. नवी किल्ली जुन्या किल्लीत बंद करून सगळ्यांना एकदम धाडली, तर ती चोरालाही उघडता येते. म्हणून ती एकेकाला, ज्याच्या त्याच्या खास किल्लीत पाठवावी लागते. त्यात बॅटरीवरचे सेन्सर बहुतेक वेळ झोपलेले. जागे होतील तसतशी ती त्यांना मिळणार. तेव्हा सेन्सर जागेवर दिसला नाही तर “सापडेल कुठेतरी” म्हणत आठवडा घालवू नका, त्याच दिवशी कळवा. सापडला तरी परत बसवू नका. आमच्याकडे पाठवा, मेमरी पुसून नव्या कोडसह देऊ.