बोलणी चालू असली तरी तीस दिवस थांबत नाहीत : शाळा न्यायाधिकरणात अपील करण्याआधी

नोकरीवरून काढलेले शिक्षक सल्ल्याला येतात ते बहुतेकदा फार उशिरा. तोवर संघटनेचे पदाधिकारी संस्थेच्या सचिवांना भेटून आलेले असतात, शिक्षक आमदारांचं पत्र गेलेलं असतं, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या चकरा झालेल्या असतात आणि 'येत्या सभेत तुमचा विषय घेतो' असा शब्द अध्यक्षांनी दिलेला असतो. सभा होते, विषय निघत नाही. मग कुणीतरी सांगतं, शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायासनाकडे, जा. तिथल्या अपिलाची मुदत तीस दिवसांची, आणि ती केव्हाच संपलेली असते.

म्हणून आधी या मुदतीचंच बोलू. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याच्या कलम ९ प्रमाणे आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत अपील दाखल व्हावं लागतं. आदेशावर छापलेली तारीख धरायची नाही, तो तुम्हाला मिळाला ती तारीख धरायची. त्यामुळे टपालाचं पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का हा तुमचा पुरावा आहे. शिपाई घरी आदेश घेऊन आला तर पोच देताना सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घाला. महिन्याची नोटीस मिळालेले बरेच जण कामाच्या शेवटच्या दिवसापासून तीस दिवस मोजतात. तसं मोजण्याची जोखीम घेऊ नका, नोटीस मिळाली त्या दिवसापासूनच मोजा.

उशीर झालाच असेल तर दार पूर्ण बंद होत नाही. पुरेसं कारण दाखवलं तर न्यायाधिकरण विलंब माफ करू शकतं. पण 'बोलणी चालू होती' एवढं तोंडी सांगून भागत नाही. संस्थेला दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक शिक्का असलेली प्रत, बैठकीला बोलावल्याचं पत्र, शिक्षणाधिकाऱ्यांच्या सुनावणीची नोटीस असं काहीतरी कागदावर लागतं. तेही असलं तरी संस्थेचे वकील विलंब माफीला विरोध करतात, आणि मूळ प्रकरणाला हात लागण्याआधीच कित्येक महिने जातात. त्यापेक्षा मुदतीत अपील दाखल करा आणि बोलणी खुशाल चालू ठेवा. तोडगा निघाला तर तडजोड पुरसीस (तडजोड झाल्याचं लेखी निवेदन) देऊन अपील निकाली काढता येतं. 'केस टाकलीत तर चर्चा बंद' असं संस्थाचालक म्हणतात, ते ऐकून थांबू नका. मुदत टळली की त्या चर्चेत तुमच्या हातात काहीच उरत नाही.

शिक्षणाधिकारी का पुरत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. ते संस्थेकडून खुलासा मागवू शकतात, पत्रं लिहू शकतात, पण काढून टाकल्याचा आदेश रद्द करून तुम्हाला पुन्हा रुजू करून घेण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधिकरणाला दिलेला आहे. कार्यालयाचे बाबू हे पहिल्याच भेटीत सांगू शकले असते. ते सांगत नाहीत, अर्ज ठेवून घेतात, आणि बिचारा माणूस 'अर्ज दिलाय' या समाधानात घरी बसतो. हे बघवत नाही.

कामगार न्यायालयाचा रस्ताही नाही. गोव्यातल्या करंजाळे इथल्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केलं की तेव्हाच्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' ठरत नाहीत. कारखान्यातल्या युनियनसारखं मागणीपत्र, समेट अधिकारी, करार हे गणित म्हणूनच शाळेत लागू पडत नाही. वेतनश्रेणी शासन ठरवतं, तेव्हा पगाराची लढाई मंत्रालयाशी. संस्थेशी संघटनेची जी बोलणी होतात ती माणसागणिक असतात : अमक्याला ठेवा, तमकीला डावलू नका. त्या बोलण्यांमागे कायद्याचं बळ उभं करायचं तर ते या कलम ९ चंच.

अपील कुणाला करता येतं? मान्यताप्राप्त खाजगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला, मग शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित. कनिष्ठ महाविद्यालयातले आणि अध्यापक विद्यालयातले शिक्षक यात येतात, शिक्षणसेवक येतात, लिपिक, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाईही येतात. शिपायांना हे कुणी सांगतच नाही. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळा यात येत नाहीत, खाजगी क्लासही नाहीत. कारणंही ठरलेली आहेत : बडतर्फी, सेवेतून काढणं, कोणत्याही अन्य प्रकारे सेवा संपवणं, पदावनती आणि पदोन्नतीत डावलणं. थकलेला पगार किंवा बदली यासाठी हे दार नाही. निलंबनासाठीही नाही, आणि इथे फार जणांची फसगत होते. निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतली होती का, निर्वाहभत्ता मिळतोय का आणि चार महिने उलटलेत का, हे या कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीतील नियम ३३ ते ३५ दाखवून शिक्षणाधिकाऱ्यांकडेच लेखी मागावं लागतं.

आता सगळ्यात अडणारा कागद, म्हणजे काढल्याचा आदेश. तो पुष्कळदा नसतोच. जूनमध्ये शाळा उघडते, तुम्ही मस्टरवर सही करायला जाता, तर तुमच्या नावापुढे आडवी रेघ मारलेली असते किंवा पानावरून नावच गेलेलं असतं. मुख्याध्यापक म्हणतात, 'वरून सांगितलंय, सचिवांना भेटा.' सचिव भेटत नाहीत. कायद्यात 'अन्य प्रकारे सेवा संपवणं' असे शब्द आहेत, त्यामुळे तोंडी काढलं तरी अपील करता येतं. पण काढलं हे आणि कोणत्या दिवशी काढलं हे तुम्हाला दाखवावं लागतं, कारण संस्था उलट म्हणते की बाई स्वतःहून यायच्या बंद झाल्या. म्हणून त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर न टाकता, मुख्याध्यापक आणि अध्यक्ष दोघांना पत्र पाठवा : आज अमुक वाजता मी हजर झालो, मला सही करू दिली नाही, मी काम करायला तयार आहे. पोचपावतीसह टपालाने पाठवा, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांच्या आवक विभागात द्या आणि शिक्का घ्या. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते न फोडता तसंच जपून ठेवा. पुढे ते न्यायाधिकरणासमोर ठेवायचं आहे.

राजीनाम्याचं प्रकरण याहून वाईट. रुजू होताना कोऱ्या कागदावर सह्या घेतात आणि वेळ आली की त्यावर राजीनामा टाइप होतो. कलम ७ इथे तुमच्या बाजूने आहे : राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत कर्मचाऱ्याने रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. संस्थेच्या कपाटातून निघालेल्या राजीनाम्याचं टपालाचं पाकीट कुठे आहे, हा प्रश्न अपिलात लेखी घ्या. जबरदस्ती झाली असेल तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार झालेली हवी. वर्षभराने आठवलेली जबरदस्ती कुणाला पटत नाही.

नेमणुकीचा आदेश हा दुसरा अडसर. नियमावलीच्या अनुसूची 'ड' मधल्या नमुन्यात तो मिळायला हवा. प्रत्यक्षात अनेकांकडे 'चालू शैक्षणिक वर्षापुरती तात्पुरती' अशी दोन ओळींची चिठ्ठी असते, दर जूनला नवी. काहींकडे तीही नसते. न्यायाधिकरण आधी हेच पाहतं की शाळा मान्यताप्राप्त आहे का आणि नेमणूक कलम ५ व नियमांप्रमाणे, म्हणजे रिक्त कायम पदावर, पात्र उमेदवाराची, जाहिरात व आरक्षण पाळून झाली का. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ (प्रोबेशन) पूर्ण झाला म्हणून कायम झालो असं म्हणायचं तर याची उत्तरं हवीत. शिक्षणसेवकासाठी हाच काळ तीन वर्षांचा आहे. म्हणून जाहिरातीचं कात्रण, मुलाखतपत्र, रुजू अहवाल, संस्थेचा ठराव यांतलं जे हाताशी असेल ते काढा.

वैयक्तिक मान्यता, म्हणजे आपल्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, नाही म्हणून खचून परत फिरणारे खूप भेटतात. त्यांनी हे नीट वाचावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलाई हायस्कूलच्या प्रकरणात सांगितलं आहे की शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता नाही एवढ्यावरून नेमणूक बेकायदा ठरत नाही. मान्यतेचा संबंध मुख्यतः अनुदानाशी आहे. संस्थेने प्रस्तावच पाठवला नाही, तर त्या हलगर्जीची शिक्षा शिक्षकाने का भोगावी?

कागद मुळीच नसतील तर शाळेबाहेर शोधा. निवडणुकीच्या कामाचा आदेश तहसील कार्यालयातून येतो आणि त्यावर तुमचं नाव, पद आणि शाळा तिन्ही असतं. बोर्डाच्या परीक्षेचं पर्यवेक्षक म्हणून आलेलं पत्र, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पगार जमा झालेलं बँक पासबुक, मुलांच्या प्रगतिपुस्तकावरची वर्गशिक्षक म्हणून सही, हे सगळं चालतं. माहिती अधिकारात शिक्षणाधिकारी कार्यालयातून संचमान्यता (शाळेला मंजूर पदांचा तक्ता), सेवाज्येष्ठता यादी आणि तुमच्या प्रस्तावाच्या प्रती मागवता येतात, पण त्या उत्तरालाही तीस दिवस दिलेले असतात. उत्तराची वाट पाहिली तर अपिलाची मुदत गेलीच. हाती आहे तेवढ्यावर दाखल करा, बाकीची कागदपत्रं मागाहून सादर करण्याची मुभा मागा आणि संस्थेकडची मूळ कागदपत्रं हजर करण्याचा अर्ज द्या.

बाकी पायऱ्या सोप्या आहेत. तुमचा जिल्हा ज्या न्यायाधिकरणाच्या हद्दीत येतो तिथे (मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, अमरावती आणि आणखी काही ठिकाणी ती आहेत) अपील मेमो (अपिलाचा अर्ज), प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि शुल्क भरायचं. शुल्क परत मिळत नाही, आजचा आकडा तिथल्या कार्यालयात विचारा. वकील सेवाविषयक कामं करणारा बघा.

प्रतिवादी कोण, यावर मात्र अपिलं अडतात. नुसत्या मुख्याध्यापकांना पक्षकार करून चालत नाही, मालक संस्था आहे. संस्था अध्यक्ष किंवा सचिवांमार्फत, मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी असे तिघे घ्या. पदोन्नतीत डावललं असेल तर ज्याला बढती मिळाली त्यालाही घ्यावंच लागतं, रोजचा सहकारी असला तरी. तुमच्या जागी नवा माणूस घेतला असेल तर तोही. म्हणूनच अपिलासोबत स्थगितीचा अर्ज जोडा. आदेशाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, आणि जागा भरली जाण्याआधी स्थगिती मागण्यात अर्थ आहे.

एक वाक्य अपिलात हमखास राहून जातं : 'या काळात मला दुसरीकडे कुठेही उत्पन्नाची नोकरी नाही.' औरंगाबादच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये (निकालसंग्रहातला संदर्भ : १० एससीसी ३२४) म्हटलं की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम, पण आपण बेकार होतो हे कर्मचाऱ्याने निदान सांगितलं पाहिजे. एकदा ते सांगितलं की खोटं ठरवण्याची जबाबदारी संस्थेवर जाते. हे वाक्य नसेल तर कित्येक वर्षांच्या पगारावर पाणी पडू शकतं. शिकवण्या घेत असाल तर तेही खरं लिहा.

कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि तेवढ्यात माणसाची निवृत्ती जवळ येते. पुन्हा नेमणूक द्यायची नाही असं न्यायाधिकरणाने ठरवलं तर भरपाई मिळते : दहा वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर बारा महिन्यांचा पगार, कमी असेल तर सहा महिन्यांचा.

निकाल बाजूने लागला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज करा आणि उच्च न्यायालयात कॅव्हेट (आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) दाखल करा, कारण संस्था रिट याचिका घेऊन स्थगितीसाठी धावते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्येच ते काम होतं. प्रत मिळाली की ती जोडून रुजू होण्याचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा आणि पोच घ्या. पोच दिली नाही तर पुन्हा टपाल, पुन्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रत. आदेश न पाळणाऱ्या व्यवस्थापनावर कलम १३ खाली खटला चालतो, आणि त्या खटल्यात पहिला कागद हा अर्जच लागतो.