निवतीला न आलेली ‘विराट’

नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नौदलातून निवृत्त झालेली ‘विराट’ ही विमानवाहू नौका निवतीच्या खडकांजवळ आणून तिचं संग्रहालय करायला मंजुरी दिली, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा आनंद झाला होता! खर्चाचा अंदाज 852 कोटींचा. ती आलीच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये गुजरातच्या अलंगला तोडायला गेली. आपण काय गमावलं ते नीट कळायला तिचा इतिहास पाहायला हवा.

दुसरं महायुद्ध चालू असताना, 1944 मध्ये, इंग्लंडमधल्या बॅरो इथे तिची बांधणी सुरू झाली. युद्ध संपल्यावर काम रेंगाळलं आणि ‘हर्मीस’ या नावाने ती ब्रिटिश नौदलात दाखल व्हायला 1959 उजाडलं. 1982 च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. 1986 मध्ये भारताने ती विकत घेतली.

12 मे 1987 ला ती ‘विराट’ झाली. पण त्याआधी प्लिमथच्या डेव्हनपोर्ट गोदीत तिच्यावर बरंच काम झालं होतं. नवे रडार, नवी मारा-नियंत्रण यंत्रणा वगैरे आलंच. मला मोलाचं वाटतं ते बॉयलरचं काम. जहाजांचं फर्नेस ऑइल इतकं दाट असतं की तापवल्याशिवाय त्याचा बारीक फवारा होत नाही. फवारा बिघडला की तेल अर्धवट जळतं, नळ्यांवर काजळी धरते आणि पाण्याला उष्णता कमी पोचते. ‘विराट’चे बॉयलर डिझेलच्या जातीच्या, शुद्ध केलेल्या इंधनावर चालतील असे बदलून घेतले. बाकी यंत्रणा जुनीच: चार बॉयलर, वाफेची टर्बाइनं, 76,000 अश्वशक्ती.

डेकच्या पुढच्या टोकाला 12 अंशांचा चढ होता, तो ब्रिटिशांच्या काळातलाच. तिच्यावरचं सी हॅरियर हे लढाऊ विमान जागेवरून सरळ वर उडू शकायचं, पण मग इंधन आणि शस्त्रं कमी न्यावी लागायची. चढावरून सुटलं की विमानाला वर जाणारी गती आयतीच मिळते. पंखांना पेलण्याइतका वेग अजून आलेला नसला, तरी खाली येण्याआधी काही सेकंद हाती असतात आणि तेवढ्यात इंजिन तो वेग मिळवून देतं. आखूड डेकवरून जड विमान उडायचं ते असं.

आपल्या झेंड्याखाली ती सुमारे 5,88,000 सागरी मैल फिरली आणि 6 मार्च 2017 ला मुंबईत निवृत्त झाली. ते बॉयलर कोकणातल्या पोरांना आत उतरून बघता यायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

आता निवतीजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायला निवड झाली आहे ती ‘गुलदार’ची. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका पोलंडमध्ये बांधलेली, 1985 मध्ये आपल्या नौदलात आलेली. लांबी जेमतेम 84 मीटर. ‘विराट’ 226 मीटरची होती. अशी नौका बुडवण्याआधी तिच्यातलं तेल, वंगण आणि इतर घातक माल काढून टाकावा लागतो. तळाशी नुसती वाळू असेल, तर कालवांच्या आणि प्रवाळांच्या अळ्यांना चिकटायला टणक जागा मिळत नाही. जहाजाचा पत्रा ती देतो. तिथे जीव धरू लागले की आडोसा शोधणारे गोबरा, तांबोशी असे मासे वस्तीला येतात.